हेगनेस आडनाव गावाबाहेर कसं गेलं

पाण्यात पुढे घुसलेलं ते दगडी टोक दिसतं ना, पांढऱ्या फुलांच्या झाडांनी भरलेलं, तेच हेगनेस. 'हेग' हे त्या झाडाचं नाव, आणि 'नेस' म्हणजे भूशिर. नॉर्वेच्या या किनाऱ्यावर हेगनेस आडनावाची माणसं गावोगाव भेटतील. या गावात मात्र एकही नाही. त्याचं कारण असं सांगतात.

फार पूर्वी आमच्याकडे माणसाला शेताचं नाव लागायचं. ज्या शेतावर राहाल, ते तुमचं आडनाव. तोराल्ड आणि आयविंद असे दोघे भाऊ इथे होते. बाप गेल्यावर थोरल्या तोराल्डने बाक्के नावाचं कसदार शेत स्वतःकडे ठेवलं आणि धाकट्याला हे खडकाळ टोक दिलं. आयविंदने दगड उपसले, घर बांधलं. वादळात सापडलेल्या कोळ्यांना त्याच्या चुलीची ऊब मिळे. होडी फुटलेले काहीजण तर तिथेच राहिले. हळूहळू बाजारात, चर्चच्या दारात ज्याच्या त्याच्या तोंडी हेगनेसचंच नाव.

तोराल्डला ते सहन होईना. त्याच्या गोठ्यात गाई जास्त, कोठारात धान्य जास्त. पण धाकट्याचं कौतुक कानावर आलं की तो भरल्या ताटावरून उठे. बायको राग्ना म्हणाली, "तुम्हाला काय कमी आहे?"

"मला कमी काहीच नाही," तो म्हणाला. "त्याला जास्त आहे."

शेवटी त्याने गावसभेत वडिलांच्या जमिनीवर थोरल्याचा हक्क सांगितला आणि भूशिर मिळवलं. "शेत माझं, तर नावही माझं," तो म्हणाला.

"घे दादा," एवढंच बोलून आयविंद होडीत बसला. त्याच्या आसऱ्याला आलेले सगळे त्याच्यामागे निघाले. नव्या किनाऱ्यावर लोकांनी विचारलं, तुम्ही कोण? नाव देऊन टाकलेलं, म्हणून आयविंद गप्प राहिला. पण मागच्या होड्यांतून उत्तर आलं, "आम्ही हेगनेसचे!" रक्ताचं नातं नसलेल्या माणसांनी ते नाव लावलं, आणि त्यांच्या मुलाबाळांबरोबर ते किनाऱ्याने पसरत गेलं.

इकडे तोराल्ड भूशिरावरच्या आयविंदच्या घरात नाव घेऊन बसला. एकदा वादळात दार वाजलं. चिंब भिजलेल्या खलाशाने विचारलं, "हेगनेसचं घर हेच ना?"

"हेच. मीच हेगनेस. तुझं काय काम?"

खलाशाने त्याच्याकडे पाहिलं, विझलेल्या चुलीकडे पाहिलं. "मग चुकलोच मी," असं म्हणून तो आला तसा वादळात परत गेला. तोराल्ड हाका मारत काठापर्यंत धावला म्हणे. माणूस सापडला नाही. तोराल्ड बाक्केला परतला, आणि त्या टोकावर पुन्हा कोणी घर बांधलं नाही.

माझं आडनाव बाक्के. आम्ही तोराल्डच्या वंशातले. आजही आमच्या गावात दार वाजलं की माणसाला आधी आत घेतात, नाव मागाहून विचारतात. आणि नाव हेगनेस निघालं, तर सूप वाढता वाढता आजही आम्हाला थोडं बोचतंच.