फेलिऊला दिलेली ओ

होड्या अजून वल्ह्यांवर चालत होत्या, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, कातालान लोकांच्या मुलखात, पोर्तसेक नावाचं एक चिमुकलं बंदर होतं. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे वीसपंचवीस पांढरी घरं. पुरुष मासे धरायचे, बायका ते मिठात मुरवून पिंपांत भरायच्या, आणि साऱ्या गावाला खारवलेल्या माशांचा वास यायचा. वासानं कुणी नाक मुरडलं, की माणूस परगावचा आहे हे लगेच कळायचं.

प्रत्येक होडीवर एक शंख असे आणि प्रत्येक होडीची हाक वेगळी. कुणाची तीन आखूड, कुणाची एक लांब, दोन आखूड. समुद्रावर एकीनं हाक दिली की बाकीच्यांनी आपापल्या हाकेनं ओ द्यायची, असा रिवाज. भांडण असो, सोयरीक मोडलेली असो, ओ द्यायचीच. दुसऱ्या होडीची हाक मात्र कुणी फुंकायची नाही. फुंकली तर त्या होडीचं वाईट होतं, असं म्हणतात.

फेलिऊच्या बापाची होडी होती ‘रेमेई’. तिची हाक दोन लांब, एक आखूड, मग पुन्हा एक लांब. एका वादळात रेमेई बुडाली. बाप गेला, दोन्ही भाऊ गेले. तिसऱ्या दिवशी एकटा फेलिऊ किनाऱ्याला लागला, शंख छातीशी धरून. गावानं त्याला पांघरूण दिलं, गरम सूप पाजलं, आणि मग विचार करायला सुरुवात केली. तिथंच घात झाला. समुद्रानं तिघांना ठेवून घेतलं, मग ह्यालाच का सोडलं? कुणीतरी म्हणालं, सोडलेलं नाही, धाडलंय, माणसं गोळा करायला. झालं! तेव्हापासून एकाही तांडेलानं त्याला आपल्या होडीत घेतलं नाही.

फेलिऊनं फळ्या जोडून दोन वल्ह्यांची होडी केली आणि एकटाच मासे धरू लागला. रोज संध्याकाळी, होड्या परतायच्या वेळी, तो गावाबाहेरच्या कड्यावर उभा राहून रेमेईची हाक फुंकायचा. खालची माणसं माना खाली घालून वल्ही मारत राहायची. आया पोरांना शिकवायच्या, समुद्रावर ही हाक कानी पडली तर नाळ, होडीचं पुढचं टोक, फिरवा आणि उलट पळा, बुडालेली होडी जिवंत माणसांना बोलावते. फेलिऊला हे सगळं ठाऊक होतं. तरी तो हाक द्यायचा आणि कान देऊन उभा राहायचा. कुणीतरी एकदा ओ द्यावी, एवढंच त्याला हवं होतं. अशी सात वर्षं गेली. फार एकटा होता बिचारा.

मग एका वसंतात, भर सकाळी, दाट धुकं उतरलं. गावच्या अकराही होड्या बाहेर होत्या. धुक्यामागून उत्तरेचा वारा येणार हे म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी होड्या गेल्यावर सांगितलं होतं. त्या वाऱ्याला तिथं त्रामुंताना म्हणतात. तो होड्यांना खुल्या समुद्रात लोटतो, आणि तिकडे गेलेली होडी परत येत नाही. बायका वाळूवर जमून कढया बडवू लागल्या, पण आवाज लांब पोचेना. शंख तर सगळे होड्यांबरोबर गेलेले. किनाऱ्यावर एकच उरला होता.

फेलिऊ धावत कड्यावर गेला आणि त्यानं जीव ओतून शंख फुंकला. अगदी जवळ वल्ह्यांचा आवाज आला. मग आरडाओरडा. “रेमेई! रेमेई! नाळ फिरवा!” आणि वल्ही लांब लांब जात नाहीशी झाली.

तो खाली आला, तर मासे खारवणारी म्हातारी मादरोना त्याच्या अंगावरच धावून आली. तिचा मुलगा त्या होड्यांमध्ये होता.

“मेल्या, दाराशी आलेलं पोर पळवलंस माझं!”

“ते मला भितात, आजी.”

“भितात तर काय! आम्हीच शिकवलंय त्यांना.”

फेलिऊ आपल्या होडीकडे वळला. सात वर्षांत त्याच्याशी कुणी इतकंही बोललं नव्हतं. मग म्हणाला, “तर मग मी त्यांच्या पलीकडे जातो. भिऊन पळू देत. पळतील ते घराकडे.”

त्याचा हात धरावा असं मादरोनाच्या मनात आलं होतं, हे ती पुढे मरेपर्यंत सांगायची. पण तिनं धरला नाही.

कढयांचा आवाज पाठीशी ठेवून फेलिऊ सरळ समुद्रात गेला. तो आवाज ऐकू येईनासा झाल्यावर त्याला दिशा कशी कळली, ह्यावर पोर्तसेकमध्ये अजून वाद होतात. कुणी म्हणतं, बापानं आणि भावांनी पाण्याखालून त्याची वल्ही धरली. कुणी म्हणतं, सात वर्षं समुद्रावर एकट्यानं काढलेल्या माणसाला दिशा सांगावी लागत नाही. धनगर मेंढरं वळवतो तसा तो घडीत ह्या अंगाला, घडीत त्या अंगाला हाक देत फिरला. अकराही तांडेलांनी नंतर शपथेवर सांगितलं की हाक आपल्याच होडीमागे होती, हातभर अंतरावर!

एकामागून एक अकरा होड्या वाळूवर चढल्या. “रेमेई मागे लागली होती,” माणसं सांगू लागली.

“रेमेई नव्हे रे,” मादरोना म्हणाली, “फेलिऊ होता तो.”

तेवढ्यात वारा सुटला आणि धुकं फाटलं. समुद्र पार क्षितिजापर्यंत रिकामा होता. मग फार लांबून हाक आली. दोन लांब, एक आखूड, एक लांब. वाऱ्याच्या उलट आवाज येत नाही, पण तो आला, असं म्हणतात. आणि सात वर्षांची सवय, माणसांनी माना खाली घातल्या. चूक ध्यानात येऊन शंख ओठांना लागेपर्यंत हाक थांबली होती. मग संध्याकाळपर्यंत अकराही शंख फुंकत राहिले. समुद्राकडून काहीच आलं नाही.

आजही वसंतातल्या त्या दिवशी पोर्तसेकच्या सगळ्या होड्या बाहेर पडतात. आता इंजिनं आली आहेत, ती बंद करतात. सगळ्यात म्हातारा तांडेल रेमेईची हाक फुंकतो. दुसऱ्याची हाक फुंकायची नाही, हा नियम त्या एका दिवशी मोडतात. मग एकेक होडी आपली ओ देते, आणि सगळ्यांची देऊन झाली की बराच वेळ कुणी हलत नाही. फेलिऊनं ऐकली की नाही, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा देतात.