खांडके सरांचा कान

इंग्रजी उच्चारांच्या प्रशिक्षणात खांडके सरांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. ज्याचे स्वर भिंतीवरच्या ध्वनिचिन्हांच्या तक्त्याशी जुळणार नाहीत, त्याच्याकडून इंग्रजीचा वर्ग काढून घेणार, अशी तंबीच त्यांनी सगळ्या शिक्षकांना दिली होती.

प्रत्येकाने चिन्ह पाहून स्वर म्हणायचा आणि फोनवर रेकॉर्डही करायचा. सर मात्र आधी शाळा विचारत आणि मान खाली घालून शेरा लिहीत. शहरातले पास होत होते, खेड्यातले धडाधड पडत होते. मागच्या बाकावर बसलेल्या तारामती गेडामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा माणूस कानाने ऐकतोय, की गावाच्या नावाने?

तिची पाळी आली.

"शाळा?"

"कोसमटोला, सर."

"अस्सं." सरांनी 'कॅट'मधल्या स्वराच्या चिन्हावर छडी टेकवली आणि मान खाली घातली. "म्हणा."

तारामतीने रेकॉर्डिंग सुरू केलं, तोंड चांगलं उघडलं आणि आवाज न काढताच मिटलं.

"चूक!" सर लिहिता लिहिता म्हणाले. "अगदी गावठी! ऐका स्वतःचंच, म्हणजे कळेल."

तिने मुकाट्याने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. पंख्याची घरघर ऐकू आली आणि पाठोपाठ सरांचं "चूक!"

"सर, मी काही म्हटलंच नव्हतं," तारामती म्हणाली. "पण तुम्ही जो गावठी स्वर ऐकलात, त्याचं चिन्ह तक्त्यावर दाखवता का?"

सरांची छडी तक्ताभर फिरली. टेकली मात्र कुठेच नाही.