दोन घरं चाललेलं प्यादं

"म्हणजे बुवा, तुम्ही सुरुवात कशी करता? स्पॅनिश पद्धतीनं की इटालियन?"

झुंबरबुवानं तंबाखू मळता मळता वर बघितलं.

"मी व्हय? मी आंघोळ करून करतो."

मठाच्या ओट्यावर हशा पिकला. विचारणारा होता विश्वंभर टेंभेकर, शहरातला बुद्धिबळाचा बडा खेळाडू, बुवासंगं डाव खेळाय आलेला. त्याला काय हसू आलं न्हाई.

"पहिल्या वीस चाली मला झोपेतसुद्धा पाठ आहेत," तो म्हनला. "हरलो तर तुमचा चेला. जिंकलो तर त्या घोंगडीवर मी बसणार!"

घोंगडी म्हंजी बुवाची गादी. तिच्यावर दुसरं कुनी कधी टेकलं न्हाई. आमच्या तर अंगात वारंच शिरलं!

"मांडा की," बुवा म्हनला.

पट मांडला. पांढऱ्या सोंगट्या पाव्हण्याकडं. त्यानं बाह्या सारल्या, बोटं मोडली, अन् राजापुढचं प्यादं दणकन दोन घरं पुढं टाकलं.

"आरारारा! दोन घरं?" आमी समदे एकदम वरडलो.

"मग? जगभर चालतं!"

"जगात चालू द्या! हितं प्यादं एकच घर चालतं. पहिल्यांदा काय अन् शेवटाला काय!"

टेंभेकरानं बुवाकडं बघितलं.

"गावचा रिवाज हाय, पाव्हणं," बुवा म्हनला.

प्यादं मुकाट्यानं एक घर मागं आलं. अन् वीसच्या वीस चाली गेल्या की वो व्हावून! तोंड तर असं झालं, जसं काय भर मांडवात नवरदेवाची घोडी उधळली.

मग बुवानं आपलं प्यादं उचललं... फुंकर मारली... ठेवलं.

दोन घरं पुढं!

"बुवाऽऽ!" मीच किंचाळलो. "आपल्यात एक घर न्हवं का?"

"व्हय. पन पाव्हण्यांनी दावलं ते लई आवडलं मला."

"ही लबाडी आहे!" टेंभेकर ताडकन उठला. "मग नियम कुठला धरायचा?"

"तुमाला कुठला पायजे?"

टेंभेकरानं पटाकडं बघितलं. खाली बसला. पुढं वाकला.

"थांबा हां... हा डाव तर मला पाठच नाही! म्हणजे घोडा इकडनं आला तर... अरेच्चा! आणि उंट?"

चष्मा कपाळावर गेला. डोळे असे लकाकले, जत्रेत पाळणा दिसल्यागत. माणूस सोताशीच हसाय लागला की!

बुवा हळूच घोंगडीवरनं उठला अन् त्याच्या शेजारी येऊन उकिडवा बसला.

मला काय राहवंना.

"अवो पाव्हणं, घोंगडी मोकळी पडलीया! बसा की पटकन!"

"गप्प बसा हो!" टेंभेकर मान वर न करताच खेकसला. "इथं काय मजा चाललीय ती बघू द्या!"

बुवानं माझ्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं.

"वरडू नगंस... त्याची पहिली चाल हाय."