बावीस अंशांची वावटळ

“सून गुणी आहे गं, पण पिकअप नाही! अगदी आमच्या नव्या गाडीसारखी.”

कुमुदिनीबाई बहिणीला फोनवर हळूच सांगत होत्या. पण त्यांचं हळू बोलणं गल्लीच्या टोकापर्यंत पोचायचं आणि वृषाली तर पडद्यापलीकडे चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

तिला राग आला नाही. सासूबाईंचं निरीक्षण बरोबरच होतं. सकाळी टोमणा बसला, की वृषालीला त्याचं उत्तर संध्याकाळी भांडी घासताना सुचायचं. सुचायचं मात्र असं फर्मास, की ऐकायला दुसरं कुणी नाही म्हणून ती कुकरलाच सुनावायची. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते आणि कुकर पुरता निरुत्तर झाला होता!

पण गाडीशी तुलना? ती मात्र लागली. कारण त्या गाडीपायी तिचं माहेर अडलं होतं.

सासरे दिगंबरराव यांनी मोठ्या हौसेने ‘वावटळ’ नावाची इलेक्ट्रिक गाडी घेतली होती. जाहिरातीत हे एवढं ठळक लिहिलं होतं, ‘शून्य ते शंभर, पाच सेकंदांत!’ आणि पहिल्याच रविवारी चोपडा रोडवर वृषालीच्या वडिलांच्या खटारा डिझेल जीपने वावटळीला धूर सोडत मागे टाकलं. वर खिडकीतून हात काढून व्याही ओरडले, “या सावकाश! घाई नाही!”

त्या दिवशी दिगंबररावांनी जाहीर केलं, “ही गाडी बोलल्याप्रमाणे पळत नाही, तोवर या घरातलं कुणी चोपड्याला जाणार नाही!”

आणि अखाजी, म्हणजे लेकींनी माहेरी झोके घ्यायची अक्षय्य तृतीया, तर तोंडावर आलेली. लग्नानंतरची पहिली अखाजी! माहेरी चोपड्यात लिंबाला झोका बांधून तयार होता. नवऱ्याने मध्यस्थी करून पाहिली, तोही ओरडा खाऊन कामावर निघून गेला.

शेवटी त्या फोननंतर आठवड्याने दिगंबरराव सासू-सुनेला घेऊन शोरूमवर धडकले. सकाळीच त्यांनी गाडी तिथल्या चार्जरला लावून ठेवली होती. मालक सरोदेशेठ गारेगार शोरूममध्ये झुलत्या खुर्चीत बसले होते.

“नऊ सेकंद लागतात हो शेठ! नऊ! मी स्वतः मोजलेत.”

“आकडा खराच आहे, साहेब,” शेठ मिशीत हसले. “खालचं बारीक वाचलं नाहीत. चालक एकटा हवा, वजन पंचावन्न किलोच्या आत. तुमचं किती?”

दिगंबररावांनी पोट आत घेतलं. “ते राहू द्या.”

“बॅटरी पूर्ण भरलेली. रस्ता सरळ, सपाट, कोरडा. आणि हवा बावीस अंश. या अटींत गाडी कमी पडली, तर गाडी परत घेतो. सरोदेचा शब्द!”

“बावीस अंश? जळगावात? आत्ता? बाहेर अंडं ठेवलं तर आम्लेट होतंय!”

“मग थंडीत या की!”

शोरूममधली पोरं फिदीफिदी हसली. दिगंबररावांचा चेहरा उतरला. “चला,” ते पुटपुटले. वृषालीला डोळ्यांसमोर रिकामा झोका हलताना दिसला. तिने मान वर केली, तर भिंतीवरच्या एसीवर हिरवा आकडा चमकत होता. बावीस.

आणि चमत्कार झाला. तिला उत्तर सुचलं. समोर एकही भांडं नसताना!

“शेठजी, आमची गाडी जरा आत आणता?”

“आणतो की! आत ठेवून पूजा करायची का?” शेठनी पोरांना खूण केली. उतारावरून गाडी चकचकीत फरशीवर येऊन उभी राहिली.

वृषाली शांतपणे चालकाच्या जागी बसली. पट्टा लावला, गाडी सुरू केली. बापाच्या जीपवर शिकलेली पोर ती! काच खाली करून म्हणाली, “एकटीच आहे. वजन अठ्ठेचाळीस. बॅटरी तुमच्याच चार्जरने भरलेली. फरशी सरळ, सपाट, कोरडी. हवा बावीस.” मग सासऱ्यांकडे वळून, “बाबा, मोजा!”

“अहो ताई!” शेठ खुर्चीतून उडाले. “समोर माझी केबिन आहे!”

“अटींत केबिनचं काही लिहिलेलं नाही.”

“नवी काच आहे हो!”

“पाचच सेकंद. कळणारसुद्धा नाही.”

शेठ खांबामागे गेले आणि तिथून किंचाळले, “अहो, इथे शंभर होणारच नाही!”

वृषालीने गाडी बंद केली. “बाबा तेच तर सांगत होते! बाहेर ऊन आडवं येतं, आत केबिन. मग शेठजी, जळगावात ही पळते तरी कुठे? जिथे पळते तिथे विका ना! आम्हाला चोपड्याला जायचंय.”

खांबामागून आधी मिशी बाहेर आली, मग शेठ, आणि मग असं गडगडाटी हसू, की पोट धरून ते तिथेच फरशीवर बसले.

“हरलो! गाडी परत. आणि ती बाहेरची पाच सेकंदांची पाटी उतरवा रे! कंपनीलाही कळवतो, की तुमच्या अटींत बसणारी एक बाई भेटली. ताई, अखाजीला माझी गाडी न्या, ड्रायव्हरसकट!”

गाडीच उरली नाही, तर शपथ कसली! दिगंबररावांनी फोन काढलाच होता. “व्याही? येतोय आम्ही. आणि ती जीप जरा झाकून ठेवा!”

“बाकी बोलायला भारी आहे हो तुमची सून,” डोळे पुसत शेठ म्हणाले.

“ही?” कुमुदिनीबाई अजून गाडीकडे बघत होत्या. “अहो, ही घरात तोंड उघडत नाही!”

वृषालीने पदर सारखा केला. या उत्तराला तिला तब्बल आठवडा लागला होता, पण आज कुकर नव्हे, सासूबाई समोर होत्या.

“पिकअप आहे हो आई मला,” ती म्हणाली. “फक्त अटी लागू!”