दुकानात बसलेलं गिऱ्हाईक

एकदा सांगलीत एक बातमी येऊन थडकली आणि तिने दोन तरुण जिवांना पार पेटवून सोडले.

जगातली एक बलाढ्य कंपनी संगणक बनवीत असे. त्या संगणकांत बसणारा प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, ती वर्षानुवर्षे एकाच कारखान्याकडून घेत आली होती. आता ती हा जुना मेंदू सोडून त्या कारखान्याच्या प्रतिस्पर्ध्याचा मेंदू घेणार, घोषणा उद्याच होणार, अशी कुजबुज सर्वत्र पसरली. त्या प्रतिस्पर्ध्याचा शेअर सकाळपासून उसळ्या मारू लागला.

रेवती कुंभोजकर आणि सुयोग हे दोघे एका संगणक-वर्गात शिकवीत, आणि सुट्टीच्या दिवशी भूपालअण्णा मगदुमांकडे गुंतवणुकीचे धडे घेत. अण्णांचे सारे आयुष्य हळदीच्या व्यापारात गेलेले. घरचा मसाल्याचा कारखाना आता मुलगा पाही, पण हळदीची खरेदी मात्र अजून अण्णांचीच. रेवतीने स्वतःचा वर्ग काढण्यासाठी कित्येक वर्षे पै-पै जमवली होती. त्या दिवशी ती सगळी पुंजी ती त्या शेअरवर लावायला निघाली होती.

“अण्णा, आत्ता घेतले नाहीत तर गाडी सुटली म्हणून समजा!” अण्णांच्या दारात येताच ती धापा टाकत म्हणाली. “दोन्ही कंपन्यांच्या प्रमुखांचा फोटोसुद्धा आलाय!”

“फोटोत काय करतायत ते?”

“एका टेबलाशी बसलेत. कॉफी पितायत.”

“मी तर घेतले!” मागोमाग आलेला सुयोग ओरडला. “होते नव्हते तेवढे सगळे. रेवती, विचार कसला करतेस?”

अण्णांनी टोपी चढवली. “रेवती, चल. हळद घ्यायची आहे.”

“आत्ता?”

“आत्ताच. तासाभरात परत येऊ. मग तुझं तू ठरव.”

गुरूचा शब्द मोडवेना, म्हणून ती फोन मुठीत घट्ट धरून निघाली.

अण्णा पिढ्यान्‌पिढ्या बाळगोंडांच्या अडत दुकानातून हळद घेत, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. त्या दिवशी मात्र ते बाळगोंडांच्या दारावरून पुढे गेले आणि समोरच्या नव्या दुकानाच्या पायऱ्या चढले. मालकाची धांदल उडाली. “या या अण्णा! आज आमचं भाग्य उजाडलं!”

“भाव बघायला आलोय,” अण्णा खणखणीत आवाजात म्हणाले. “ठरलेलं काही नाही.”

ते गादीवर टेकले. एक हळकुंड मोडून त्यांनी आतला रंग पाहिला, वास घेतला. चहा आला, तो सावकाश प्याले.

एवढ्यात रस्त्यावर हालचाल सुरू झाली. एका व्यापाऱ्याने रेवतीला गाठले. “काय हो, अण्णांनी बाळगोंडांना सोडलं?”

ती तोंड उघडणार तोच दुसरा म्हणाला, “सोडलं म्हणजे? वर्षभराचा सौदा झालासुद्धा!”

“अण्णा उगीच बसतील का तिथं? माल अस्सल असणार!”

माणसे आत घुसू लागली. मालकाने हा रेटा पाहून भाव चढवला, तरी पोती उचलली जाऊ लागली. त्या गलक्यात रेवतीही ओढली गेली. आपण अण्णांसोबत आलो, त्यांचे शब्द कानांनी ऐकले, तरी तिला वाटले, झालाच असेल सौदा!

तोच बाळगोंडा अनवाणी रस्ता ओलांडून आले. “अण्णा, माझं काय चुकलं?”

“काही चुकलं नाही. तुमचा आजचा भाव सांगा.”

बाळगोंडांनी भाव उतरवला आणि राखून ठेवलेला उत्तम माल दाखवायला नेले. अण्णांनी दोन्हीकडची हळकुंडे शेजारी धरून पाहिली आणि खरेदी बाळगोंडांकडेच केली. चढ्या भावाने पोती घेतलेले व्यापारी बघतच राहिले.

परतताना रेवतीला राहवेना. “अण्णा, हे तुम्ही आधीच ठरवलं होतं?”

“नाही गं पोरी. समोरचा माल सरस निघता तर तिथून घेतला असता. दुकानात बसलो होतो तेव्हा काय घेणार हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. मग रस्त्यावरच्यांना ते कुठून कळलं?”

रेवतीने मुठीतल्या फोनकडे पाहिले.

“ठरलेलं काही नाही, असं मी सर्वांदेखत म्हणालो. पण लोकांना माझा चहा दिसला, शब्द ऐकू आला नाही. ग्राहक नव्या दाराशी जातो तो कधी माल घ्यायला जातो, तर कधी जुन्याचा भाव उतरवायला. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तुझी बातमी खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती तुला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो. ठाऊक नसलेल्या गोष्टीची आशा धरावी, पण तिच्यावर सारं आयुष्य लावू नये.”

रेवतीने त्या दिवशी काही घेतले नाही.

आणि दुसऱ्या दिवशी बातमी खरी ठरली! कंपनीने नवा प्रोसेसर स्वीकारला. शेअरने आणखी झेप घेतली. सुयोग पेढ्यांचा पुडा घेऊन धावतच अण्णांच्या घरी आला. रेवती तिथेच होती. तिचा चेहरा उतरला होता.

अण्णांनी मनापासून पेढा खाल्ला. “शाब्बास! आता काय करणार?”

“थांबतो कशाला, अण्णा! आणखी एक संगणक-कंपनी जुना मेंदू सोडून इकडे येणार म्हणतात. ही तर याच्याही वरची बातमी! आले तेवढे लावतोय, वर भावाकडूनही घेतोय.” बोलताना त्याची नजर फोनवरून हटत नव्हती. रेवतीने पेढा पुढे केला, तर तो म्हणाला, “थांब, थांब, भाव हलतोय!” आणि तसाच अंगणात गेला.

रेवती खिडकीतून त्याच्याकडे पाहत राहिली. जिंकलेला माणूस उन्हात उभा होता, अंगठा पडद्यावर फिरत होता, ओठ कोरडे पडले होते. आत त्याच्याच आनंदाचे पेढे होते आणि त्यांतला एकही त्याने चाखला नव्हता.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “काल मी घेतले असते तर आज मीही तिथेच उभी असते.”

अण्णांनी पुडा तिच्याकडे सरकवला. तिने एक पेढा घेतला, स्वस्थपणे खाल्ला, आणि वर्गासाठी पाहून ठेवलेल्या खोलीच्या मालकाला फोन लावला.

अंदाज बरोबर येणे हे भाग्य आहे. पण तो आल्यावर थांबता येणे, ही विद्या आहे.