भिंतीवरचा राघू

पूर्वी कुसुमावती नगरीत राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी तिथल्या पाठशाळेतल्या कडुनिंबावर राघूचा जन्म घेतला होता. बुद्धी बोधिसत्त्वांची असली तरी चोच राघूचीच होती. कानी पडेल तेवढेच तिच्यातून बाहेर येई. पदरचे एक अक्षर त्यात घालता येत नसे.

विद्या सर्वांना खुली आहे, अशी दवंडी राजाने पिटवली होती. आचार्य श्रुतधर ती मनापासून पाळत. पाठशाळेचे दार दिवसभर उघडे असे. हलक्या मानलेल्या जातींनी आणि बायकांनी त्यातून आत यायचे नाही, एवढेच. नवा मुलगा दारात आला की आचार्य म्हणत, "ये बाळ, आत ये. पुढे बस." आवाजात इतकी माया असे की मुलाच्या बापाचेही डोळे भरून येत.

भिंतीबाहेर वनिका टोपल्या विणत बसे. ती बुरडाची, आणि त्यात मुलगी. आत न घ्यायला एक कारण पुरले असते, तिच्याकडे दोन होती. आतला पाठ ऐकू यावा म्हणून ती बांबूही हलक्या हाताने सोली. पण भिंत जाड होती. ते पाहून बोधिसत्त्व रोज पाठ संपला की भिंतीवर येऊन तो सगळा तिला म्हणून दाखवू लागले. तिचा बाप धास्तावला. कुणी पकडले तर पाठीची सालटी निघतील आणि ही बसायची जागाही जाईल, असे तो बजावी. "तरी मी ऐकणार, बाबा," असे म्हणून ती टोपली पुढे ओढी.

मात्र तिने अर्थ विचारला की चोचीतून तिचाच प्रश्न परत जाई. भिंतीवरून पाठ जातो, उत्तर जात नाही, हे बोधिसत्त्वांना उमगले.

एकदा राजा मुलांची परीक्षा घ्यायला पाठशाळेत आला. राघूची कीर्ती आचार्यांनी आधीच त्याच्या कानावर घातली होती. राघूने श्लोक म्हटला की त्याला राजवाड्यात सोन्याचा पिंजरा आणि जन्मभर डाळिंबे, असे ठरले. पिंजऱ्याचे बोधिसत्त्वांना काही नव्हते; डाळिंब मात्र फार आवडे.

राजाने खूण केली. बोधिसत्त्व उडाले ते थेट भिंतीवर जाऊन बसले. बाहेर पाहत त्यांनी अर्धाच श्लोक म्हटला, "दुसऱ्याचे दुःख जो जाणे..."

पलीकडून सवयीने उरलेला अर्धा आला, "तोच ज्ञानी जाणावा, धनपाला, घोरू नकोस."

सभा हसली. धनपाल हा नगरशेठचा मुलगा. तो त्याही वेळी झोपला होता. नाव ऐकून दचकून उठला.

शिपायांनी वनिकेला दारात आणून उभे केले. ही चोरून ऐकते, हिला वेशीबाहेर काढावे, असे आचार्य म्हणाले. राजाने तिला विचारले, "श्लोकात हा धनपाल कशाला घातलास?"

"राघूदादानं सांगितलं तसंच पाठ केलं, महाराज. मला वाटलं, कुणी मोठे ऋषी असतील. विचारायला कुणी नव्हतं."

आता कुणी हसले नाही. तेवढ्यात आचार्यांच्या मायाळू आवाजात शब्द आले, "ये बाळ, आत ये. पुढे बस."

आचार्यांचे ओठ मिटलेले होते.

"आवाज आपलाच ना?" राजाने विचारले.

आचार्यांनी राजाकडे पाहिले, मग भिंतीवरच्या राघूकडे आणि सर्वांत शेवटी त्या मुलीकडे. बांबू सोलून तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. "माझाच, महाराज," ते म्हणाले. मग तेच वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटले. या खेपेला माया जरा कमी होती, पण वाक्य पूर्ण होते.

वनिका पुढे जाऊन बसली. तिने विचारले, "आचार्य, जाणणे म्हणजे ऐकणे की समजणे?" आचार्य पोथी मिटून अर्थ सांगू लागले. धनपाल त्या दिवशी पुन्हा झोपला नाही.

पिंजरा कोठीत परत गेला. डाळिंब मात्र वनिका अधूनमधून आणत असे.

भिक्षुणींना अर्थ सांगून काय उपयोग, त्यांनी पाठ केले तरी पुष्कळ, असे विहारातले एक स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, म्हणाले, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही पूर्वजन्मीची कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळचे आचार्य ते हे स्थविर. धनपाल तो मागे डुलक्या घेणारा भिक्षू. वनिका ती आज अर्थ विचारणारी भिक्षुणी सुव्रता. आणि राघू मी होतो."

ही दानाची पारमिता, म्हणजे दानाची परिपूर्णता, त्यातही विद्येच्या दानाची. ऐकलेले पुढे सांगितले की ती सुरू होते आणि ज्याला सांगितले त्याला आपल्या शेजारी बसायला जागा दिली की पुरी होते.