बयाजी कासाराची राहिलेली गोळी

लहानथोरांनो, पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. डोंगराच्या पायथ्याशी एका बाजारगावात बयाजी नावाचा कासार राहत होता. त्याची बायको हौसा. दोघं बांगड्यांची ओझी पाठीवर घेऊन गावोगाव हिंडत. बयाजी मोठा गोडबोल्या. गप्पांच्या नादात बाईला कळूही न देता तो तिचा चुडा भरून मोकळा होई. हौसा मात्र तोंडानं तिखट. लांबड तिला खपत नसे.

एका वर्षी बयाजीला ताप आला आणि काही केल्या उतरेना. हौसानं त्याला टेकडीवरच्या म्हाताऱ्या वैद्यीणबाईंकडे नेलं. त्यांनी दोघांच्याही बोटातला रक्ताचा थेंब घेऊन पारखला आणि दोघांना समोर बसवलं.

"ताप उतरेल," त्या म्हणाल्या, "पण तुमच्या दोघांच्या रक्तात मुकी व्याधी आहे. ती मुळासकट जात नाही, पण दाबून ठेवता येते. रोज एक गोळी, जन्मभर. गोळी घेणारा म्हातारा होऊनच मरतो."

हौसानं नवऱ्याकडे पाहिलं. बयाजीनं मान खाली घातली. दूरच्या बाजारांना तो एकटाच जाई; तिथले मुक्काम का लांबत आणि ही व्याधी कुणाच्या अंथरुणावरून घरात आली, हे तिला त्या क्षणी कळलं. तिनं हात पुढे केला आणि ती म्हणाली, "आधी गोळी द्या. यांच्याशी मी घरी भांडेन."

तिनं तिथंच, वैद्यीणबाईंच्या तांब्यातल्या पाण्यानं गोळी घेतली. बयाजीनं आपल्या गोळ्यांची पुडी कनवटीला लावली.

"तुम्ही?" हौसानं विचारलं.

"अगं, लग्नसराई तोंडावर आलीय. गोळीनं गरगरलं तर ओझं कोण उचलणार? सराई होऊ दे."

ताप उतरला. लग्नसराई झाली. हौसानं पुडी त्याच्यापुढे ठेवली. "आता जत्रा आहे," बयाजी म्हणाला. जत्रा झाली, तर संक्रांत आली. संक्रांत झाली, तर त्याला बरंच वाटत होतं.

"मला कुठं काय झालंय? चढ चढतो, भाकरी पचवतो."

"म्हणूनच आता घ्यायची ना! आडवे पडल्यावर घेण्यात कसली मर्दुमकी!"

"आणि कुणी पाहिलं तर? गावात बोभाटा झाला की कुठली बाई माझ्या हातात हात देईल?"

"हात धरून हा आजार लागत नाही, हे वैद्यीणबाईंनी तुमच्या तोंडावर सांगितलंय. आणि माझी गोळी आजवर कुणी पाहिली?"

त्यावर बयाजी हसला आणि बांगड्यांवरची धूळ पुसू लागला. हौसाला वाटलं, ते सगळं ओझं उचलून याच्या डोक्यात घालावं.

ती तणतणत टेकडी चढली. "त्यांच्या भाकरीत कुस्करून घालू का हो गोळी?"

"रोज घालशील? जन्मभर?" वैद्यीणबाईही वैतागल्या होत्या. "अशी माणसं मी खूप पाहिली गं. ही व्याधी गडबड करत नाही. आत बसून शरीराचे राखणदार एकेक करून मारते. ते संपले की साधा खोकलासुद्धा माणसाला लोळवतो. तोवर यांना वाटतं, आपण ठणठणीत आहोत."

पुढच्या वर्षी हौसाला दिवस गेले. तिची गोळी कधी चुकली नव्हती. वैद्यीणबाई म्हणाल्या, "अशीच घेत राहा. मग बाळाला भीती फार थोडी." हौसानं हे घरी सांगितलं, तेव्हा बयाजीला आनंदानं रडू आलं. "बारसं झालं की मीही सुरू करतो," तो म्हणाला. हौसानं फक्त आपली त्या दिवसाची गोळी घेतली.

बारशापर्यंत व्याधी थांबली नाही. बयाजीला खोकला लागला. अंगावरचं मांस झडलं. तोंडात फोड आले, घास गिळवेना. मग डोळ्यांपुढे जाळं धरू लागलं. शेवटी हौसानं जड पोटानं शेजाऱ्याची गाडी जुंपली आणि त्याला टेकडीवर नेलं.

वैद्यीणबाईंनी त्याचे डोळे पाहिले. मग औषधं उगाळता उगाळता म्हणाल्या, "जगवते तुला. गोळी अजूनही काम करेल. पण जे गेलं, ते ती परत आणत नाही."

तिथंच बयाजीनं पहिली गोळी घेतली. पुष्कळ हाल सोसून तो उठला. खोकला गेला, अंगात ताकद आली. डोळे मात्र गेले ते गेलेच.

हौसाला मुलगी झाली. वैद्यीणबाईंनी तिचं रक्त पुन्हा पुन्हा पारखलं. स्वच्छ होतं. ओसरीवर बसलेल्या बयाजीच्या मांडीवर हौसानं मुलीला ठेवलं.

"कुणासारखी दिसते गं?" त्यानं विचारलं.

हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच पाण्याबरोबर सगळा जुना संतापही वर आला. "त्या दिवशी एक घोट पाणी प्यायला असतात, तर हे मला विचारायची वेळ तुमच्यावर आली नसती!"

मग तिनं त्याची बोटं धरून मुलीच्या चेहऱ्यावर ठेवली. बयाजी कितीतरी वेळ ती हळूहळू फिरवत राहिला.

"नाक माझं आहे," तो म्हणाला.

"नाक असू दे तुमचं," हौसा म्हणाली. "डोकं तेवढं माझं असू दे, म्हणजे झालं."

तात्पर्य: आजार कळला त्याच दिवशी औषध सुरू करावं, आपण थांबलो म्हणून आजार थांबत नाही.